आईबापाची छाती, लेकराचा श्वास



‘बापाला दमा आहे, लेकराला होईल का?’ बाळाला बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी हे विचारतंच. होऊ शकतो, पण होईलच असं नाही. फुफ्फुसांची ठेवण, अ‍ॅलर्जीचा कल यातलं थोडंफार रक्तातून येतं. आईबाप दोघंही दमेकरी असतील तर शक्यता आणखी वाढते. मात्र सगळं रक्तावर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. घरातला धूर काही आजा-पणजाकडून आलेला नसतो.

गर्भ चारेक महिन्यांचा झाला की श्वासनळ्यांना फांद्या फुटण्याचं काम संपत येतं. पुढे त्या वाढतात, नव्या फुटत नाहीत. हवेचे बारीक फुगे मात्र बाळंतपणाच्या सुमारास तयार होऊ लागतात. जन्मताना ते काही कोटी असतात, मोठ्या माणसात 30 कोटींच्या पुढे, आणि यातली बरीचशी भर पहिल्या दोन-तीन वर्षांत पडते. 1992 साली बोस्टनच्या डॉक्टरांनी तान्ह्या बाळांचा श्वास मोजला. गरोदरपणी सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांच्या नळ्यांतून हवेचा झोत कमी निघाला.

आपल्या बायका कुठं सिगारेट ओढतात, असं म्हणाल. पण भाकरी कशावर होते? उज्ज्वला योजना 2016 साली आली, सिलिंडरही घरात आला; तरी अंघोळीचं पाणी अजून तुराट्या-पऱ्हाट्यांवर तापतं. भूम, परंडा, वाशी, कळंब तालुक्यांतली ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कोपीत, म्हणजे झोपडीत राहतात. तिथं चूल दाराशी आणि बाळ आत. कुंथलगिरीच्या बाजूला खव्याच्या भट्ट्यांवर सरपण जळतं, तिथं नवरा-बायको दोघांच्याही छातीत धूर जातो. मिसरी भाजताना होणारा धूर वेगळाच, शिवाय ती लावणंही बाळाला बाधतं. मुंबईत 1217 गरोदर बायकांची पाहणी झाली होती. मिसरी किंवा तसली तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली. ही पाहणी 2004 साली प्रसिद्ध झाली.

आणि बाळंतिणीची शेकशेगडी! ऊब हवी, हे खरंच. पण बाजेखाली निखारे, वर ओवा-शेपांची धुरी आणि खिडकी बंद, यात चार दिवसांच्या लेकरानं श्वास घ्यायचा कुठून? यावर सासूबाई रागावतील, तर रागावोत.

दमेकरी सुनेची एक गोष्ट सांगायलाच हवी. दिवस गेले की घरचे तिचा पंप बंद करतात, औषध बाळाला बाधेल म्हणून. उलट, दमा उफाळला तर आईचा प्राणवायू घटतो, आणि बाळाला मिळतो तो आईच्याच रक्तातून. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप सोडू नका. बाळाच्या बापानंही बिडी नुसती अंगणात जाऊन ओढली, एवढ्यावर भागत नाही. कपड्यांना धूर चिकटून घरात येतोच.

आता एवढं करा. बाळ शांत असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, त्यापुढे वर्षापर्यंत 50 किंवा जास्त भरले, पोट उडत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर धुरी, डाग, अंगारा यात वेळ घालवू नका. आशाताईंना हाक मारा आणि लगेच 108 ला फोन लावा.