ऑफिस परत सुरू, आणि मुलगा अजून अंगावर पितोय

आजचा भाग जरा घरगुती आहे. बसमध्ये स्पीकरवर ऐकत असाल तर हेडफोन लावा, किंवा नका लावू, लपवण्यासारखं त्यात काहीच नाही. विषय आहे अंगावर पाजणं. पण तान्ह्या बाळाला नाही, त्याबद्दल सगळेच बोलतात. मी बोलतेय घरभर पळणाऱ्या, पोळी खाणाऱ्या, आपल्या हातातला मोबाइल हिसकावणाऱ्या आणि तरीही "दुदू" म्हणत कुर्ता ओढणाऱ्या मुलाबद्दल. माझा तेव्हा चौदा महिन्यांचा होता आणि मला मेल आला की येत्या मंगळवारपासून आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात यायचं.

आधी थोडा हिशोब. २०१७ साली मातृत्व रजेच्या कायद्यात बदल झाला आणि पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळायला लागली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, आणि मग वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत किंवा त्याच्याही पुढे. म्हणजे पहिले सहा महिने रजेत कसेबसे बसतात. पुढच्या दीड वर्षाचं काय, ते ज्याने त्याने आपापलं बघायचं. मी काही महिने बिनपगारी रजा घेतली, मग घरून काम केलं. घरून काम करताना कॅमेरा बंद ठेवून किती मीटिंगा मुलाला मांडीवर घेऊन झाल्या, ते टीमला माहीत नाही. आता कळेल.

तर पहिला मंगळवार. माझी सगळी भीती मुलाची होती. तो दिवसभर काय करेल, उपाशी राहील, रडून रडून आजारी पडेल. मी फ्रीजमध्ये दूध काढून ठेवलं, सासूबाईंना, म्हणजे आईंना, चार वेळा समजावलं. दुपारी फोन केला तर आई म्हणाल्या, "अगं, वरणभात खाल्ला, वाटीभर दही खाल्लं, झोपलाय. तुझी आठवणसुद्धा काढली नाही." ऐकून बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं.

हाल झाले ते माझे. साडेतीनला रिलीजचा कॉल होता. छाती दगडासारखी झालेली. पलीकडे कुणाच्या तरी घरी लहान बाळ रडलं, दोनच सेकंद, म्यूट करायला विसरला होता बिचारा. आणि मला पान्हा फुटला. दुसऱ्याच्या बाळासाठी! कॉन्फरन्स रूममध्ये नऊ माणसं, मी ओढणी पुढे घेऊन बसले आणि कॉल संपेपर्यंत उठले नाही. उठायला हवं होतं. ती माझी पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे बुधवारीही तेच केलं. गुरुवारी एका बाजूला गाठ आली, वरची कातडी लाल, आणि रात्री १०२ ताप. मला वाटलं आता दूध बंदच करावं लागणार. डॉक्टर म्हणाल्या, अजिबात नाही, त्या बाजूनेही पाजत राहा, बाळाला त्याने काही होत नाही. गाठ जोरजोरात चोळायची नाही. मी नेमकं तेच करत होते, यूट्यूबवर बघून. थंड घडी ठेवा, तापाची गोळी घ्या, आराम करा. अँटिबायोटिक लागलं तर पाजताना चालणारंच देतो, असंही सांगितलं. ताप उतरला नाही तर लगेच या म्हणाल्या. सुदैवाने उतरला. तुम्हाला असं काही झालं तर माझ्यासारखे दोन दिवस काढू नका, डॉक्टरांना दाखवा.

मग त्यांनी जे समजावलं, ते मला इंजिनिअर असून सुचलं नव्हतं. दूध म्हणजे भरून ठेवलेली टाकी नाही. जेवढं बाहेर जातं, त्याच्या मागणीवर पुढचं तयार होतं. साचून राहिलं तर शरीर हळूहळू उत्पादन कमी करतं. आपलं ऑटोस्केलिंग म्हणा, पण फार लॅग असलेलं. एका मीटिंगमध्ये ते जुळवून घेत नाही, दिवस जातात. त्यात माझं वेळापत्रक म्हणजे मंगळवार, बुधवार, गुरुवार ऑफिस आणि शुक्रवार ते सोमवार मुलगा दिवसभर चिकटलेला. चार दिवस मागणी वाढवायची आणि मंगळवारी एकदम तोडायची. म्हणून माझे मंगळवार सगळ्यात वाईट जायचे. उपाय साधा होता. ऑफिसात दोनदा जाऊन हाताने थोडं दूध काढायचं, फक्त ताण जाईपर्यंत. पूर्ण रिकामं करायचं नाही, कारण मग शरीराला वाटतं अजून हवंय. आणि घरी असलेल्या दिवशीही दुपारी आपणहून द्यायचं नाही. मागितलं तर नाही म्हणायचं नाही, एवढंच.

काढलेलं दूध घरी न्यायचं का? सुरुवातीला मी बर्फाची पिशवी घेऊन फिरत होते. साधारण चार तास बाहेर आणि चार दिवस फ्रीजमध्ये, असा हिशोब असतो, पण तो बाहेरचा म्हणजे २५ अंशांपर्यंतचा. पुण्यातल्या एप्रिलमध्ये चार तास धरू नका. दोन आठवड्यांनी ते सोडून दिलं. बाळ सहा महिन्यांच्या आत असेल तर त्या दुधाचा थेंबन् थेंब महत्त्वाचा. वर्षाच्या पुढे दिवसा घरचं जेवण, दही, थोडं गाईचं दूध चालतं, आणि आपलं दूध सकाळ-संध्याकाळ मिळतंच. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या पंपाचे पैसे वाचवले असते.

आता जागा. आमच्या मजल्यावर 'वेलनेस रूम' आहे. तिची चावी सिक्युरिटीकडे असते आणि आत जुने मॉनिटर ठेवलेले असतात. आपल्याकडे एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष आहेत. ज्या हिरकणीच्या नावाने आहेत, ती बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरली, अशी गोष्ट आपण शाळेत अभिमानाने ऐकतो. मला कडा उतरायचा नव्हता हो, आतून कडी हवी होती. चावी मागायला गेल्यावर दर वेळी "मॅडम, कशासाठी?" हा प्रश्न. चौथ्या दिवशी मी सरळ सांगितलं, "दूध काढायला." तो मुलगा इतका लाजला की त्यानंतर मी लिफ्टमधून बाहेर येताना दिसले की चावी टेबलावर.

कायद्यातही एक ओळ आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या विश्रांतीशिवाय, पाजण्यासाठी दिवसातून दोन ब्रेक. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. मी एचआरला हे लिहून पाठवलं. उत्तर यायला पाच आठवडे लागले. तोवर मुलगा पंधरा महिन्यांचा झाला होता! तरी सांगते, परत जायच्या आधीच मेल टाका. माझ्या मॅनेजरला मी कॅलेंडरवर दोन वेळा ब्लॉक करून दाखवल्या, तो फक्त "ओके" म्हणाला. एवढं सोपं असेल असं मला वाटलंच नव्हतं.

अवघड होत्या त्या रात्री. दिवसा जे मिळत नव्हतं ते मुलगा रात्री वसूल करायला लागला. आधी एकदा उठायचा, आता चार-पाचदा. सकाळी दहाला स्टँडअप, आणि मी काल काय केलं हे मलाच आठवायचं नाही. तिसऱ्या आठवड्यात आई म्हणाल्या, "आता तोड त्याला. कोरफडीचा गर लाव, दोन दिवसांत सुटेल." शेजारच्या काकू म्हणाल्या कडुनिंब. मी इतकी थकले होते की कोरफड लावली.

तो नेहमीसारखा आला. तोंड लावलं. लगेच मागे झाला, जीभ बाहेर काढली. रडला नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग परत तिथे बघितलं, आणि ओढणीने ती जागा पुसायला लागला. मला काहीतरी लागलंय असं वाटलं असणार त्याला. मी उठून धुऊन आले आणि त्याला पाजलं. पाजताना मीच रडत होते.

आईंचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी चहा करताना त्या आपणहून म्हणाल्या, "मी असंच तोडलं होतं याला. नवव्या महिन्यात." याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, तेव्हा रजा तीनच महिन्यांची, आणि बदली दुसऱ्या तालुक्यात. मूल आजीकडे, आणि त्या शनिवारी एसटीने यायच्या. "मला छातीला कापड घट्ट बांधून वर्गात उभं राहायला लागायचं," म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत. मला गुरुवारचा तो ताप आठवला. कोरफडीचा विषय त्यांनी परत काढला नाही.

मग आम्ही रात्रीची वाटणी केली. बारा ते पाच नवरा उठणार. पाणी, थोपटणं, खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या. पहिल्या तीन रात्री सगळी सोसायटी जागी होती. मी दुसऱ्या खोलीत उशीत डोकं खुपसून. दहाव्या रात्रीच्या आसपास तो बाबाच्या खांद्यावर झोपायला लागला. आणि संध्याकाळचा एक नियम केला. ट्रॅफिकमध्ये कितीही वेळ गेलेला असो, घरी आल्यावर हातपाय धुवायचे, आधी पाजायचं, मग बाकी जग. लॅपटॉपची बॅग दाराजवळच. पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्या वेळात आलेला एकही फोन इतका अर्जंट निघालेला नाही.

आता तो वीस महिन्यांचा आहे. ऑफिसात दूध काढायला जावं लागत नाही, चावी पण मागत नाही. पहाटे एकदा, संध्याकाळी एकदा. कधी सोडेल माहीत नाही, मी तारीख ठरवलेली नाही.

गेल्या गुरुवारी घरी आले, हातपाय धुऊन नेहमीच्या जागेवर बसले. तो धावत आला, माझ्याकडे बघितलं, मग वळून गेला आणि माझी चप्पल घेऊन आला. "भूर." मी दोन मिनिटं तशीच बसून राहिले. मग आम्ही खाली चक्कर मारून आलो.

तुमच्या ऑफिसात अशी खोली आहे का, आणि तिला आतून कडी आहे का, व्हॉइस नोट पाठवून कळवा. पुढच्या भागात भेटू.