विहीर कोठें खणावी, पाणी कसें पारखावें



विहिरीस पाणी लागलें नाहीं तरी खणणाराची मजुरी बुडत नाहीं, सुरुंगवाल्याचे पैसे बुडत नाहींत, पाणाड्याची दक्षिणाही बुडत नाहीं. बुडतो तो एकटा शेतकरी, आणि कर्जाचें व्याज त्याच्या मुलांच्या मानेवर बसतें. म्हणून गांठीचा पैसा सोडण्यापूर्वीं डोळे उघडून चार गोष्टी पाहा.

महाराष्ट्राची सुमारें ८० टक्के जमीन काळ्या पाषाणाच्या थरांवर आहे. हा पाषाण अखंड असेल तर त्यांत पाणी मुरत नाहीं. पाणी सांठतें तें वरच्या मुरुमांत, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. तळहातावर नारळ उभा राहिला काय किंवा आडवा पडला काय, खालचा खडक बदलत नाहीं. सखल, मुरमाड जमिनींत बहुतेक ठिकाणीं थोडेंबहुत पाणी लागतेंच. लागलें तर श्रेय पाणाड्यास, आणि विहीर कोरडी गेली तर दोष आपल्या नशिबास! हा कोठला न्याय?

मग करावें काय? शेजारच्या विहिरींत कोणता थर किती हातांवर लागला, वैशाखांत पाणी किती उरतें, हें विचारा व लिहून ठेवा. ओढ्याकांठची किंवा दोन उतार मिळतात ती जागा आधीं पाहा, माथ्यावरची शेवटीं. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत, पाणाड्यांकडून पाहणी करवून पाण्याच्या जागा गांवच्या नकाशांत नोंदाव्या, असें सरकारास सुचविलें होतें. आज राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. ती १९७२ सालीं स्थापन झाली. तिचे जाणकार जमिनींत वीज सोडून खालच्या थरांचा अंदाज घेतात. तिच्या जिल्हा कचेरींत जाऊन विचारण्यास लाजूं नका.

पाणी लागलें म्हणजे काम संपलें नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांत, अकोला-बुलढाणा-अमरावतीकडे, पुष्कळ विहिरी खाऱ्या आहेत; तें जिभेस कळतें. पण यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील कित्येक गांवच्या पाण्यांत फ्लोराइड आहे. तें पाणी निर्मळ दिसतें, चवीसही खटकत नाहीं. मात्र मुलांच्या दांतांवर तपकिरी डाग पडतात आणि पुढें हाडें ताठरतात. लिटरास दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नसावें. उकळल्यानें तें जात नाहीं, उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. उकिरडा, संडासाचा खड्डा व बेसुमार खत यांतून नायट्रेट झिरपतें. लिटरास ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलें कीं तान्ह्या बाळास धोका. खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर व उताराच्या खालच्या अंगास घ्या.

माउल्यांनो, घागर तुमच्या डोक्यावर असते, तेव्हां पाण्याच्या तपासणीचा कागद ग्रामपंचायतींत तुम्हींच मागा. आणि शेतकरी बंधूंनो, येत्या वैशाखांत आपल्या विहिरीचें पाणी दोरीनें मोजून शाळेंत सांगा. मुलें तें वहींत उतरून घेतील, आणि पुढच्या वर्षीं विहीर खणणारास ती वही दाखवितां येईल.