कोळशाच्या करारात माणसाची नोंद



राष्ट्राराष्ट्रांतील आर्थिक सहकार्य हा मंत्र्यांचा व मुत्सद्द्यांचा विषय. कष्टकरी कुटुंबांचा त्याच्याशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. ही समजूत घातक आहे. दोन देश कोळशाचा सौदा करतात तेव्हा तो कोळसा खणणारे हात कोणाचे आणि त्या हातांचे हक्क कोणी लिहिले, हा प्रश्न आपलाच आहे. म्हणून युरोपातील दोन करार मी आज आपणांपुढे ठेवतो.

पहिला करार जून १९४६ मधील, इटली व बेल्जियम यांच्यातील. महायुद्ध नुकतेच संपले होते. बेल्जियमजवळ खाणी होत्या, परंतु त्यांत उतरावयास पुरेशी माणसे मिळत नव्हती. इटलीत बेकार माणसे होती, परंतु कोळसा नव्हता. तेव्हा असे ठरले की, इटलीने ५०,००० कामगार पाठवावेत आणि बेल्जियमने त्या प्रमाणात तिला कोळसा विकावा. श्रम ही क्रयवस्तू नव्हे, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने फिलाडेल्फिया येथे १९४४ साली उद्‌घोषित केले होते. दोनच वर्षांत माणूस कोळशाच्या मापाने मोजला गेला! पुष्कळ कामगारांना पूर्वी युद्धकैद्यांसाठी वापरलेल्या बराकींत राहावे लागले. मुदतीपूर्वी खाण सोडणाऱ्यांना अटकेत ठेवून मायदेशी परत धाडण्यात येई.

दुसरा करार १८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिस येथे झाला. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमां यांनी आदल्या वर्षी सुचविले होते की, फ्रान्स व जर्मनी यांचा कोळसा व पोलाद एका सामाईक सत्तेखाली आणावे, म्हणजे त्यांना परस्परांशी युद्ध करणेच अशक्य होईल. या दोघांसह इटली, बेल्जियम, हॉलंड व लक्झेंबर्ग अशी सहा राष्ट्रे एकत्र आली.

या कराराची कलमे वकिलाच्या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. ५६ व्या कलमान्वये, काम गेलेल्या मजुरास नवे काम शिकण्यासाठी व दुसरीकडे वसण्यासाठी साहाय्य देता येई. त्यासाठी पैसा उत्पादनावरील करातून येई. १८ व्या कलमाने नेमलेल्या सल्लागार समितीत उत्पादक व ग्राहक-व्यापारी यांच्याइतक्याच जागा कामगारांना होत्या. ६९ व्या कलमाने वेतन व कामाच्या अटी यांत देशी मजूर व परदेशी मजूर असा भेद करण्यास बंदी केली. पहिल्या करारात जो केवळ संख्या होता, तो दुसऱ्या करारात हक्कधारक झाला.

परंतु कागदावरील हक्क आपोआप खाणीत उतरत नाही. ६९ व्या कलमातील संचाराची मुभा मान्यताप्राप्त कौशल्य असलेल्या कामगारांपुरतीच होती आणि तीही १९५७ साली अमलात आली. तत्पूर्वीच, ८ ऑगस्ट १९५६ रोजी, बेल्जियममधील मार्सिनेल येथील खाणीत एक वाघीण पाळण्यात नीट न बसता बाहेर आलेली राहिली. पाळणा वर जाऊ लागताच तिच्या धक्क्याने तेलाची नळी व विजेच्या तारा तुटल्या आणि आग भडकली. २६२ माणसे मेली. त्यांपैकी १३६ इटालियन होती. खटला चालला. प्रथम सर्व आरोपी सुटले. १९६१ साली अपिलात एका अधिकाऱ्यास सहा महिन्यांची शिक्षा झाली, तीही स्थगित!

त्या आगीनंतर इटलीने तिकडे मजूर पाठविणे थांबविले आणि १९५७ साली सहा राष्ट्रांनी खाणींतील सुरक्षिततेसाठी कायम स्वरूपाचे मंडळ स्थापिले. जी देखरेख पहिल्या दिवसापासून हवी होती, तिच्यासाठी २६२ घरे उजाड व्हावी लागली.

पॅरिसचा करार ५० वर्षांची मुदत संपून २३ जुलै २००२ रोजी समाप्त झाला. मार्सिनेलची खाण आज स्मारक आहे. परंतु मजूर अद्याप सरहद्दी ओलांडतच आहेत. म्हणून आपल्या घरातील कोणी परमुलखी कामास निघाला, तर केवळ पगाराचा आकडा पाहून संतुष्ट होऊ नका. करार त्याला समजणाऱ्या भाषेत आहे काय? तेथील मजुराइतकेच वेतन त्यास मिळेल काय? काम सोडण्याची त्यास मोकळीक आहे काय? अपघात झाल्यास दाद कोठे मागावयाची? या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्यावाचून त्यास सही करू देऊ नका. आणि ती उत्तरे मिळाल्यावरही ती पाळली जातात की नाही, हे पाहणारी मजुरांची संघटना तेथे आहे काय, याची चौकशी करा. जो हक्क लिहिला नाही तो मागता येत नाही. आणि ज्यावर पहारा नाही तो लिहूनही मिळत नाही.