लांजीचे ते लांजेवार



शहापूर, भंडारा, तुमसर या बाजूला लांजेवार हे आडनाव कोणाला नवे नाही. पण हेच नाव पुण्या-साताऱ्याकडे सांगा, समोरचा माणूस दोनदा विचारील. असे हे नाव आले कोठून?

आमगावच्या पलीकडे लांजी नावाचे जुने, किल्ल्याचे गाव आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत आपल्या मुलखाचा कारभार लांजीहून चाले. कमाविसदार तेथे बसे. १८२०-२१ साली भंडारा हा निराळा जिल्हा झाला आणि कचेरी भंडाऱ्यास आली. पुढे १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा बनला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा मुंबई राज्यात आला. लांजी आज बालाघाट जिल्ह्यात आहे. म्हणजे गाव एका राज्यात आणि त्या गावाचे नाव लावणारी घरे दुसऱ्या राज्यात, असा हा प्रकार झाला.

आता एक गंमत पाहा. खुद्द लांजीत राहणाऱ्याला लांजेवार कोण म्हणणार? तेथे तर सगळेच लांजीचे! माणूस गाव सोडून दुसरीकडे बिऱ्हाड करतो, तेव्हा नवे शेजारी त्याला जुन्या गावाच्या नावाने ओळखू लागतात. रामटेकचे रामटेके, नगरधनचे नगरधने झाले ते असेच. आपल्याकडे 'कर' आहे, 'ए' आहे, तसा 'वार'ही आहे. चांदा-गडचिरोलीकडे तर 'वार'वाली आडनावे पुष्कळच. तेलुगूत आदराने 'वारु' म्हणतात, त्याच्याशी त्यांचे नाते सांगतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. लांजीहून एकच कुटुंब निघाले नाही. शेतकरी निघाले, कारागीर निघाले, निरनिराळ्या जातींची माणसे निघाली. म्हणून दोन लांजेवार भेटले, तर ते भाऊबंद असतीलच असे नाही, एका जातीचे असतील असेही नाही. आडनाव ऐकून जात ठरविण्याची आपल्याला खोड आहे. पण हे नाव फक्त वाट सांगते, जात सांगत नाही.

नुसत्या उच्चारावरही भरवसा ठेवू नये. थोर संस्कृत पंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणला जन्मले. त्यांचे नाव आपल्या भंडाऱ्यावरून आलेले नाही. त्यात भांडार आहे, म्हणजे खजिना.

जुन्या कोतवाल-बुकात पाहाल, तर पुष्कळदा आडनाव सापडतच नाही. अमुक वल्द तमुक, एवढ्यावर काम भागे. आडनाव कागदावर पक्के बसविले ते बहुतेक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराने. म्हणून शिक्षकबंधूंना एक विनंती. कोणी 'लांजेवार'चे 'लांजेवर' केले, म्हणजे एका कान्याचाच फरक. पण पुढे शिष्यवृत्तीच्या अर्जावर, जातीच्या दाखल्यावर, सातबाऱ्यावर तोच काना आडवा येतो आणि बाप बिचारा कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. नाव लिहिताना बापाला विचारा, आजा असला तर आज्यालाही विचारा.

आणि घरच्या मंडळींनो, म्हातारी माणसे आहेत तोवर आपले मूळ गाव कोणते, तेथून कोण निघाले, का निघाले, हे मुलांच्या वहीत उतरवून ठेवा. जनगणना माणसे मोजते, पण आडनावांचे आकडे काही छापत नाही. ती नोंद घरातच व्हायला हवी.