सांगितलेलं आणि समजलेलं

गावातल्या एखाद्या दूध संस्थेनं हिशेब संगणकावर न्यायचं ठरवलं, असं समजू. सचिव शहरातल्या प्रोग्रामरला फोन करतात, "दूध संकलनाचं सॉफ्टवेअर हवंय. सोपं आणि छान करा." पलीकडून होकार येतो. दोन महिन्यांनी सॉफ्टवेअर येतं, तर त्यात सभासदाची दिवसाला एकच नोंद होते! दूध सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा घातलं जातं, हे सचिवांना सांगावंसं वाटलं नाही आणि प्रोग्रामरला विचारायचं सुचलं नाही. लबाडी कोणाचीच नाही, पण पैसे आणि वेळ दोन्ही गेले.

आपलं रोजचं काम इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं वाटतच नाही. बाहेरच्या माणसाला मात्र नेमकं तेच ठाऊक नसतं. 'सोपं', 'छान' या शब्दांवरून प्रोग्राम लिहिता येत नाही. त्यापेक्षा कामाचा एक दिवस कागदावर उतरवावा. सभासद येतो, क्रमांक सांगतो, दूध मोजलं जातं, फॅट आणि एसएनएफ तपासून दर ठरतो, पावती निघते. दहा दिवसांनी बिल होतं, त्यातून पशुखाद्याचे आणि उचलीचे पैसे वजा होतात.

यानंतर अडचणी लिहाव्यात. वीज गेली तर? दूध नासलेलं निघालं तर? एकाच नावाचे दोन सभासद असले तर? ५.२ लिटरऐवजी ५२ पडले, तर दुरुस्ती कोण करणार आणि जुनी नोंद दिसत राहणार की पुसली जाणार? भांडणं इथंच होतात. सोबत एका सभासदाचं खरं बिल हातानं मांडून द्यावं. संगणकाचा आकडा त्याच्याशी पैशापैशानं जुळला पाहिजे.

पडद्याची रचना करणाऱ्याला रंग सांगत बसू नये. वापरणारा कोण, ते सांगावं. पहाटेची रांग, ओले हात आणि पावती मराठीतच हवी, एवढं कळलं की आकडे मोठे आणि बटणं मोजकी का हवीत, हे त्याला आपोआप उमगतं.

पण लिहून दिलं म्हणजे भागलं, असंही नाही. 'नासा'चं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झालं. कंत्राटदार लॉकहीड मार्टिन कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून काही आकडे पौंडाच्या मापात येत होते आणि 'नासा'कडे ते न्यूटनच्या मापातले समजून वापरले जात होते. कोणतं माप वापरायचं, हे कागदोपत्री ठरलेलं होतं. ते पाळलं गेलं आहे का, याची पडताळणी राहून गेली.

म्हणून काम देताना दोन पथ्यं पाळावीत. "समजलं का?" असं विचारू नये, कारण उत्तर 'हो' असंच येतं. "काय समजलं, ते तुमच्या शब्दांत लिहून पाठवा," असं म्हणावं. आणि सगळं सॉफ्टवेअर एकदम मागण्याऐवजी आधी फक्त पावती निघेल इतकंच करून घ्यावं, संकलन केंद्रावर चार दिवस वापरून पाहावं, मगच पुढचा हप्ता द्यावा. त्या पावतीवर सभासदाचं घर चालतं. चूक सापडायचीच असेल, तर ती बिलाच्या दिवशी सापडण्यापेक्षा त्या चार दिवसांत सापडलेली बरी.