काचतंतूच्या गाडीला कोणते हत्यार?

(हिंगोली जिल्ह्यातील तंत्रशिक्षक, गॅरेज चालविणारे कारागीर आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



हिंगोलीच्या कारागिराला पत्रा नवा नाही. हळद शिजविण्याच्या कढया, पॉलिशचे ड्रम, ट्रॅक्टरची ट्रॉली ही सारी त्याच्या हातून गेलेली कामे आहेत. परंतु गेल्या काही वर्षांत त्याच्या दारी एक वेगळाच माल येऊ लागला आहे. बसगाड्यांचे पुढचे-मागचे भाग, रुग्णवाहिकेचा उंच टप, मोटारीचे बंपर आणि मडगार्ड अनेकदा लोखंडाचे नसून काचतंतूंचे, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘फायबर’ म्हणतो त्याचे असतात. ही गोष्ट तशी जुनी आहे. अमेरिकेत १९५३ साली शेव्हरले कॉर्व्हेट ही मोटार काचतंतूच्या सांगाड्यासह बाजारात आली. आपल्या देशात १९८० नंतरच्या दशकात बंगळूरच्या सिपानी कारखान्याची ‘डॉल्फिन’ ही छोटी मोटार अशाच सांगाड्याची होती. पत्रा ठोकून सरळ होतो. फायबर ठोकले तर फुटते. म्हणून ते कापावे लागते, आणि कापावे कशाने हा आजचा प्रश्न आहे.

हत्यार निवडण्यापूर्वी माल ओळखावा. केसाहून कितीतरी बारीक असे काचेचे तंतू चटईसारखे पसरून त्यांत पॉलिएस्टर रेझिन मुरविलेले असते, आणि दर्शनी बाजूस जेलकोटचा गुळगुळीत, रंगीत थर असतो. म्हणजे एकाच तुकड्यात तीन स्वभाव आहेत. काच हत्याराची धार खाते, रेझिन तापले की मऊ होऊन पात्याला चिकटते, आणि जेलकोट ठिसूळ असल्याने टवके उडून निघतो. जे हत्यार या तिघांना सांभाळते तेच योग्य.

पत्र्याची कातर येथे चालत नाही. ती कापण्याऐवजी चिरडते आणि थर एकमेकांपासून सुटतात. लाकडाच्या मोठ्या दात्यांची करवतही नको. याबाबतीत माझाच अनुभव सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका रुग्णवाहिकेच्या टपात पंख्यासाठी भोक पाडण्याचे काम माझ्याकडे आले होते. घाई होती. जिगसॉला लाकडाचे पाते होते, तेच लावून मी दर्शनी बाजूने कापू लागलो. जिगसॉचे दात वर येताना कापतात, हे मला ठाऊक असूनही त्या वेळी सुचले नाही. हातभर लांबीवर जेलकोटचे कपचे उडाले. अर्ध्या दिवसाच्या कामाला तीन दिवस लागले, आणि तेवढे दिवस ती गाडी रुग्णांऐवजी माझ्या अंगणात उभी होती. चूक हत्याराची नव्हती, ते चालविणाऱ्याची होती.

तर जिगसॉ वापरावा, पण टंगस्टन कार्बाइडचे कण बसविलेले पाते लावून. साधे पोलादी पाते थोड्याच अंतरात बोथट होते. मग कारागीर जोर लावतो, उष्णता वाढते आणि कड जळते. कापण्याच्या रेषेवर दर्शनी बाजूस कागदी चिकटपट्टी लावावी, शक्य तर मागील बाजूने कापावे, वेग मध्यम ठेवावा. हातकरवतीचे उलट आहे. ती पुढे ढकलताना कापते, म्हणून दर्शनी बाजूनेच चालवावी. दात बारीक, म्हणजे इंचाला २४ ते ३२ असावेत. वीज नसली तरी हे काम होते, आणि लहान दुरुस्तीला ते पुरेसेही आहे.

लांब आणि सरळ कापासाठी अँगल ग्राइंडरवर हिऱ्याचे कण बसविलेली पातळ चकती सर्वांत टिकाऊ. मात्र चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो. चकतीवर लिहिलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावी आणि वरचे संरक्षक झाकण काढू नये. काही ठिकाणी ग्राइंडरला लाकूड कापण्याची दातेरी चकती लावलेली दिसते; ती अडकली की यंत्र हातातून उसळते. असे करणाऱ्यास शिक्षकांनी तेथल्या तेथे थांबवावे. ग्राइंडरने वळण घेता येत नाही, म्हणून कोपऱ्यांत आधी ड्रिलने गोल भोके पाडून मगच त्यांच्यामध्ये कापावे. कोपरा टोकदार राहिला तर गाडीच्या हादऱ्याने तेथूनच तडा सुरू होतो.

एक युक्ती मात्र कोणत्याही यंत्राहून स्वस्त आहे. नवीन तुकडा साच्यात घडवीत असाल, तर रेझिन पुरते कडक होण्यापूर्वी, ते चामड्यासारखे असतानाच, धारदार सुरीने कड कापून घ्यावी. धूळ उडत नाही, पाते झिजत नाही. ही वेळ साधणे मात्र कठीण. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा रेझिन फार लवकर आवळते. म्हणून पहाटे काम सुरू करावे आणि हार्डनरचे प्रमाण उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत कमी बाजूस ठेवावे.

आता पंचायत सदस्यांना व खरेदीच्या याद्या मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून दोन शब्द. यादीत ग्राइंडर असतो, चकत्या असतात. मुखपट्टी आणि चष्मा मात्र नसतात. फायबर कापताना उडणारी धूळ त्वचेला खाजवते, डोळे चोळले की बुबुळाला इजा करते आणि श्वासातून आत जाते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवीत नाही. एन-९५ दर्जाची मुखपट्टी, बंद चष्मा, लांब बाह्यांचा सदरा आणि धूळ ओढून घेणारे यंत्र हेही हत्यारांतच मोजले पाहिजे. कॉम्प्रेसरच्या हवेने अंग झाडण्याची सवय मोडावी. त्याने धूळ शेजाऱ्याच्या नाकात जाते. आधी गार पाण्याने अंग धुवावे, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते धुणारी गृहिणी गॅरेजात कधी आलेली नसते, तरी खाज तिच्या हाताला सुटते.

उरलेल्या तुकड्यांचे काय, असे मघाशी एका सरपंचांनी विचारले. हे रेझिन एकदा कडक झाले की पुन्हा वितळत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. जाळले तर विषारी धूर होतो. शेताच्या बांधावर टाकले तर काचेचे तंतू मातीत राहतात. तुकडे गोणीत बंद करून एका ठरावीक जागी साठवावेत. मोठा तुकडा पुढच्या दुरुस्तीत पाठीमागे आधार म्हणून उपयोगी पडतो.

बाहेर मांडवात जुने मडगार्ड ठेवले आहे. दोन्ही प्रकारची पाती आणि पुरेशा मुखपट्ट्या आणल्या आहेत. ज्यांनी मुखपट्टी बांधली असेल त्यांनीच पुढे यावे. प्रथम चुकीच्या बाजूने कापून जेलकोट कसा उडतो ते दाखवितो.