लेक खेळ तयार करायला शिकते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई; चुकले तर सांभाळून घ्या. गेल्या हळदीकुंकवाला एकीने विचारले, "तुमची लेक पुण्याला म्हणे खेळ शिकते?" तिचा खवचटपणा कळला, पण उत्तर सुचले नाही. ते आज देते.

माझी मुलगी कॉलेजात व्हिडिओ गेम तयार करायला शिकते. तिने हे नाव काढले तेव्हा आधी मीच रागावले. मोबाइलवर पैसे लावून संसार बुडाल्याचे आपण ऐकतो ना! पण तो प्रकार निराळा. पैसे लावायच्या त्या खेळांवर २०२५ साली संसदेने कायद्याने बंदी घातली. हिच्या शिक्षणात चित्रकला, गणित, गोष्ट रचणे, आवाज आणि संगणकाची भाषा असे सगळे येते. आपल्या चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत सिनेमासाठी वाडे उभारले, तसेच हे. फक्त इथे पाहणारा स्वतः वाड्यात हिंडतो, आणि भिंत आली की त्याने थांबावे, हेसुद्धा कोणीतरी लिहून ठेवावे लागते!

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला बहीण निघते, अशी त्याची गोष्ट. संस्थापकांत श्रुती घोष ही एक बाई आहे. २०१७ साली त्यांनी लोकांकडे वर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी काम सोडले नाही. हे ऐकल्यावर मी कर्जाच्या कागदावर सही केली.

दिवाळीत लेकीने स्वतः केलेला खेळ माझ्यापुढे ठेवला. पावसात एक मुलगी ओढा ओलांडते. काही न सांगता ही वही घेऊन शेजारी बसली. माझी मुलगी अकरा वेळा वाहून गेली! मी म्हटले, "मला नाही जमत गं." तर म्हणते, "आई, चूक तुझी नाही, माझी. दगड तुला दिसायला हवा होता." सातवीपर्यंत गणित चुकले की छडी माझ्याच हातावर बसली, असे कोणी म्हटले नव्हते. मग मी तिला सांगितले, अगं, गढूळ पाण्यात आपण आधी काठीने तळ चाचपतो. तिने त्या मुलीच्या हाती काठी दिली.

कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू होतील. नोकरी लागेल का, हे यजमान रोज विचारतात. मला सांगता येत नाही. आज ती आली आहे, संगणकही आणला आहे. चहा झाला की ज्यांना ओढा ओलांडायचा आहे त्यांनी मागच्या खोलीत यावे. चष्मा विसरू नका.